शिकायचं कोणी? कॅरल ड्वेकचं ‘माइंडसेट’ कॅल्गरीत वाचताना

नोव्हेंबर लागला की कॅल्गरीत दोन गोष्टी हमखास होतात. गाडीला विंटर टायर चढतात आणि ऑफिसात वर्षाच्या मूल्यमापनाचा फॉर्म येतो. माझ्या फॉर्ममध्ये गेली काही वर्षं एक चौकट असते: ‘या वर्षात तुम्ही ग्रोथ माइंडसेट कसा दाखवलात? दोन उदाहरणं लिहा.’ ही चौकट मी नेहमी शेवटी भरते. पहिल्या वर्षी एका ऑनलाइन कोर्सचं नाव लिहिलं. दुसऱ्या वर्षीही कोर्सच. तिसऱ्या वर्षी कळलं की आमच्या टीममधल्या जवळजवळ सगळ्यांनीच कोर्सची नावं लिहिलीत, आणि त्यातले निम्मे कोर्स कुणी पूर्ण केलेलेच नाहीत. (त्यातला एक माझा.)

तुमच्याही फॉर्ममध्ये अशी चौकट असेल. तिच्यातलं क्रियापद एकदा नीट बघा. ‘शिकलात’ नाही, ‘दाखवलात’. एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर सांगितलं की माणसं स्वतःला हुशार दाखवण्याच्या नादात शिकायचं थांबवतात. त्यांच्याच कल्पनेची आपण आता दाखवायची वस्तू केली. हे असं का झालं, आणि त्यात त्यांच्या पुस्तकाचा स्वतःचा वाटा किती, यावर हा लेख आहे.

(‘वाढीची मानसिकता’ असं भाषांतर मी वाचलंय. मला तर पंगतीतला वाढपीच डोळ्यासमोर आला. आपण ग्रोथ माइंडसेटच म्हणू.)

आधी पुस्तकाचं श्रेय पुस्तकाला देऊ. ड्वेक यांचं ‘माइंडसेट’ २००६ मध्ये आलं, पण त्यामागचं काम खूप जुनं आहे. क्लॉडिया म्युलर यांच्याबरोबर केलेले आणि १९९८ मध्ये छापलेले त्यांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. पाचवीतल्या मुलांना कोडी घातली. सोडवून झाल्यावर काहींना सांगितलं, तू हुशार आहेस. काहींना सांगितलं, तू मेहनत घेतलीस. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळ्यांचीच दांडी उडाली. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तर हुशार म्हटलेली मुलं पहिल्यापेक्षाही मागे पडली. पुढचा भाग मला जास्त बोचतो. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांसाठी आपले गुण लिहायला सांगितले, तेव्हा हुशार म्हटलेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्के मुलांनी गुण वाढवून लिहिले. कुणी विचारणार नव्हतं, कुणी ओळखणार नव्हतं, तरी.

हे वाचताना आपल्यापैकी कुणाला आपलं घर आठवणार नाही? ‘आमची धाकटी जात्याच हुशार, थोरल्याला जरा मेहनत घ्यावी लागते.’ पाहुण्यांसमोर, चहाबरोबर, दोन्ही पोरं तिथंच बसलेली असताना. ‘जात्याच’ हा शब्द जरा उलगडून बघा. जन्मानंच, जातीनंच. आपल्या भाषेत बुद्धीची वाटणी जन्मावर करणारा शब्द इतका गुळगुळीत झालाय की त्यातली जात आपल्याला ऐकूच येत नाही. याच भाषेत ‘प्रयत्नांती परमेश्वर’ही आहे आणि ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ही आहे. आपण यातलं कुठलं वाक्य कुणाबद्दल वापरतो हे बघण्यासारखं असतं. पहिलं बहुधा स्वतःच्या मुलांना, दुसरं बहुधा शेजाऱ्याच्या मुलाला किंवा कामवाल्या बाईंना.

तेव्हा मूळ निरीक्षण खरं आहे, आणि ते आपल्याला लागू आहे. माझं भांडण पुस्तकाच्या धंद्यावरच्या प्रकरणाशी आहे, कारण ऑफिसमधल्या चौकटी तिथूनच निघतात.

मी हे पुस्तक इथं आल्यावर, सी-ट्रेनमधून जाता-येता वाचलं. धंद्यावरचं प्रकरण उघडलं तर सुरुवातीलाच एन्रॉन! मी चिपळूणची. आमच्याकडे एन्रॉन हा शब्द शाळेतल्या मुलांनाही माहीत होता, कारण तो भिंतींवर लिहिलेला असायचा. गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या कड्यावर, दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी तो प्रकल्प उभा राहत होता. आणि आता मी ज्या शहरात राहते तिथंही, डाउनटाउनमध्ये, एकेकाळी एन्रॉन कॅनडाचं ऑफिस होतं. त्यामुळे ती पानं मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचली.

ड्वेक सांगतात ती गोष्ट थोडक्यात अशी. एन्रॉननं मोठमोठ्या पदव्यांची, तल्लख माणसं गोळा केली आणि तल्लखपणाचीच पूजा केली. अशा ठिकाणी ‘चुकलं’ म्हणणं म्हणजे तल्लख नसल्याची कबुली. म्हणून कुणी चूक मान्य केली नाही, आणि कंपनी बुडाली. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००२ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये हाच मुद्दा मांडला होता, आणि ड्वेक तो आपल्या पद्धतीनं पुढे नेतात. कोड्यांचे गुण वाढवून लिहिणारी मुलं आणि नफा वाढवून लिहिणारे अधिकारी. जोडी जमते, हे कबूल करायला हवं.

पण आता हीच कंपनी गुहागरहून बघा.

जून १९९२ मध्ये एन्रॉन आणि राज्य वीज मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला. १९९३ मध्ये जागतिक बँकेनं या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला. आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असं तिचं म्हणणं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वीजखरेदीचा करार झाला. पुण्यातल्या ‘प्रयास’ या संस्थेतल्या अभ्यासकांनी त्यातली आकडेमोड उलगडून दाखवली. वेलदूरच्या कोळणी रस्त्यावर उतरल्या. १९९७ मध्ये आंदोलकांवर पोलिसांनी जी कारवाई केली तिची दखल ॲम्नेस्टी आणि ह्यूमन राइट्स वॉच या दोघांनी घेतली. मधल्या काळात, १९९५ मध्ये, युती सरकारनं प्रकल्प रद्द केला आणि १९९६ मध्ये नव्या अटींवर परत आणला. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की मंडळाला बिलं भरता येईनात. मे २००१ मध्ये संच थांबले. २ डिसेंबर २००१ ला एन्रॉननं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणजे ‘हे चुकतंय’ हे सांगणाऱ्यांची वानवा नव्हती. वॉशिंग्टनपासून वेलदूरपर्यंत सगळीकडे ते सांगितलं गेलं. मग ऐकलं का नाही? ड्वेक यांच्या उत्तरानुसार, त्यांची मनं बंद होती म्हणून. माझं उत्तर, करारच असा होता की ऐकायची गरजच नव्हती. विजेचा दर डॉलरशी बांधलेला, वीज घेतली नाही तरी ठरलेले पैसे द्यायचे, मंडळानं थकवले तर राज्य सरकारची हमी, त्यामागे केंद्राची. ज्याच्या चुकीची किंमत दुसरा भरणार हे कागदावर लिहून दिलंय, त्यानं चुकीतून शिकावं कशासाठी? मन बंद असेलही, पण दार करारानं लावलं होतं.

या प्रकरणातला एक तपशील मी कधी विसरत नाही. १९९५ मध्ये एन्रॉनच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर साक्ष देताना सांगितलं की या प्रकल्पाच्या निमित्तानं भारतीयांना ‘शिक्षित’ करण्यावर कंपनीनं स्वतःचे २ कोटी डॉलर खर्च केले. आपल्याकडे त्यावर गदारोळ झाला, पैसे नेमके कुणाच्या खिशात गेले म्हणून. तो प्रश्न रास्तच होता. मला मात्र आज त्यातलं दुसरंच काही दिसतं. शिकायचं होतं ते आपण. त्यांनी नाही.

अजून एक गंमत आहे, आणि या पुस्तकावरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे. धंद्यावरच्या त्याच प्रकरणात ग्रोथ माइंडसेटचा नायक म्हणून जनरल इलेक्ट्रिकचा जॅक वेल्च येतो. एन्रॉन खलनायक, वेल्च नायक. आता दाभोळ पॉवर कंपनीचे मूळ भागीदार बघा: एन्रॉन ८० टक्के, बेक्टेल १० टक्के, आणि उरलेले १० टक्के जनरल इलेक्ट्रिक. वेल्च १९८१ ते २००१ त्या कंपनीचा प्रमुख होता. म्हणजे पुस्तकातला नायक आणि खलनायक अंजनवेलला एकाच कंपनीचे मालक होते, एकाच करारावर, त्याच हमीवर. एकाचं मन खुलं, दुसऱ्याचं बंद, आणि दर तोच!

एवढंच नाही. एन्रॉनमध्ये सगळ्यांना १ ते ५ अशा श्रेणी लावून तळाच्यांना घरी पाठवायची पद्धत होती, ती कुप्रसिद्ध आहे. पण दरवर्षी तळाचे १० टक्के लोक काढून टाका, ही शिकवण जगभर पसरवणारा माणूस जॅक वेल्चच. माणूस सुधारू शकतो असं खरंच मानणाऱ्यानं दर बारा महिन्यांनी तळाचा दशांश छाटावा, हे मला तरी जुळवता आलं नाही.

वेल्चच्या आत्मचरित्रातला एक प्रसंग मात्र मला पटतो. १९६३ मध्ये पिट्सफील्डला तो तरुण इंजिनिअर असताना त्याच्या हाताखालच्या कारखान्यात स्फोट झाला आणि छप्पर उडालं. नोकरी गेली असं धरूनच तो वरिष्ठांना भेटायला गेला. ते वरिष्ठ, चार्ली रीड, त्याच्यावर चिडले नाहीत. काय झालं, का झालं, त्यातून काय कळलं, हे विचारत बसले. वेल्च शिकला, कारण रीडनं शिकू दिलं. त्या खोलीतला ग्रोथ माइंडसेट नेमका कुणाचा होता?

तुम्ही म्हणाल, या झाल्या गोष्टी. संशोधन काय म्हणतं?

संशोधन गेल्या दहा वर्षांत बरंच शांत झालंय. २०१८ मध्ये सिस्क आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. माइंडसेट आणि गुण यांचा संबंध निघाला सरासरी ०.१०. साध्या भाषेत, मुलामुलांच्या गुणांमधला जो फरक असतो, त्यातला सुमारे १ टक्का. माइंडसेट बदलण्याच्या उपक्रमांचा परिणाम त्याहून किरकोळ. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या शंभराहून जास्त शाळांत घेतलेल्या चाचणीत मुलांची जास्तीची प्रगती दिसली नाही. २०२३ मध्ये मॅक्नमारा आणि बर्गोइन यांनी असं मांडलं की दिसणारा परिणाम बऱ्याच अंशी अभ्यासांच्या कच्च्या रचनेतून आलेला असू शकतो. ‘रिप्लिकेशन’ हा शब्द तुम्ही आमच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय की इथं मी थांबते.

पण यावरून ‘सगळं थोतांड’ असा निकाल देणाऱ्यांशीही माझं जमत नाही. कारण याच काळात ड्वेक यांच्या जवळच्या गटानं सगळ्यात काळजीपूर्वक केलेला अभ्यास आला. येगर आणि सहकारी, २०१९, ‘नेचर’. अमेरिकेतली नववीतली सुमारे १२,००० मुलं, तासाभराच्या आतला ऑनलाइन धडा. मागे पडलेल्या मुलांचे ग्रेड पॉइंट सरासरी ०.१ नं वाढले. फार नाही, पण खर्चाच्या मानानं वाईटही नाही. महत्त्वाचं हे की ज्या शाळांत सोबतची मुलं अवघड काम पत्करण्याला मान देत होती, तिथं परिणाम जास्त दिसला. २०२२ मध्ये त्याच माहितीवरून पुढचं निघालं. गणिताच्या शिक्षकाचा स्वतःचाच विश्वास असेल की मुलं सुधारू शकतात, तर त्या वर्गात धड्याचा उपयोग झाला. शिक्षक मनातून ‘याला काही यायचं नाही’ म्हणणारा असेल, तर मुलाला दिलेला धडा वाया गेला.

हे वाक्य ऑफिसच्या भाषेत वाचून बघा. मग सांगा, चौकट कुणाच्या फॉर्मवर हवी?

आता कुणीतरी मायक्रोसॉफ्टचं उदाहरण काढणारच. सत्या नडेला २०१४ च्या फेब्रुवारीत प्रमुख झाले, पत्नीनं दिलेलं ‘माइंडसेट’ वाचलं, कंपनीला ‘सगळं येणारे’ नको ‘सगळं शिकणारे’ हवेत असं सांगितलं, आणि कंपनी पालटली. लिंक्डइनवर ही गोष्ट आठवड्यातून दोनदा येते. तिच्यात एक तारीख गाळलेली असते. कर्मचाऱ्यांना एकमेकांविरुद्ध रांगेत लावणारी श्रेणीपद्धत मायक्रोसॉफ्टनं नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली होती, म्हणजे नडेला यायच्या आधी. शेजारच्याला मदत केली तर आपलीच श्रेणी घसरते, हे गणित आधी मोडलं. मनाची भाषा नंतर आली. नडेलांचं श्रेय मी नाकारत नाही. पण क्रम लक्षात ठेवा. आणि २०२३ च्या जानेवारीत त्याच कंपनीनं १०,००० लोकांना कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा त्या लोकांच्या मनाची वाढ खुंटली होती म्हणून केलं, असं कुणी म्हणणार नाही.

कॅल्गरीला हे वेगळं सांगायला नको. जून २०१४ मध्ये तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर होतं, २०१६ च्या सुरुवातीला ३० च्या खाली. त्या वर्षाच्या अखेरीला या शहरातली बेरोजगारी १० टक्क्यांच्या पलीकडे गेली. डाउनटाउनमधले मजलेच्या मजले रिकामे झाले, आणि आता सरकारी अनुदानावर त्यातल्या काही इमारतींची घरं होताहेत. मी आले तेव्हा ज्या मराठी घरात सुरुवातीला राहिले, तिथले काका वीस वर्षं भूगर्भशास्त्रज्ञ. एक दिवस खोका घेऊन घरी आले. पुढचे सहा महिने त्यांना जो भेटेल तो सांगायचा, ‘रीस्किल करा, माइंडसेट बदला.’ काकू एकदा वैतागून म्हणाल्या, “अगं, यांचा माइंडसेट सकाळी साडेपाचला उठून पायथन शिकतोय. नोकरी देणाऱ्याचा कधी उठणार ते विचार!”

त्यानंतर शहरानं एक बरी गोष्ट केली. २०१९ मध्ये कॅल्गरी इकॉनॉमिक डेव्हलपमेंटनं ‘एज अप’ नावाचा प्रकल्प सुरू केला. तेल-वायू क्षेत्रातून बाहेर फेकल्या गेलेल्या मधल्या वयाच्या लोकांना तंत्रज्ञानातल्या कामांसाठी तयार करायचं. निधी केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या फ्यूचर स्किल्स सेंटरचा, शिकवायला कॅल्गरी विद्यापीठ, सेट आणि बो व्हॅली कॉलेज. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे सुरुवातीचं गृहीतक: खडकांचे थर वाचणारा माणूस डेटाचे थरही वाचू शकेल, त्याचं आधीचं ज्ञान पुसायचं नाही, वळवायचं. सगळ्यांना नोकऱ्या लागल्या का? अर्थात नाही, कोर्स करणाऱ्याला नवी कंपनी काढून देत नाही. पण शिकायची जबाबदारी एकट्या माणसाच्या मनावर टाकून मोकळं न होता वर्ग, पैसे आणि वेळ यांची सोय कुणीतरी केली. माझ्या लेखी ग्रोथ माइंडसेट ‘अमलात आणणं’ याच्या जवळपास कुठंतरी येतं.

आणि आता आपलं दुखणं. तुमच्यापैकी कितीजण इंजिनिअरिंगची भारतातली पदवी घेऊन इथं आलात आणि ‘कॅनेडियन एक्सपीरियन्स’ या भिंतीवर आपटलात? अल्बर्टात चेकोस्लोवाकियात शिकलेल्या एका इंजिनिअरनं इंजिनिअरांची नोंदणी करणाऱ्या अपेगा या संस्थेविरुद्ध तक्रार केली होती. २०१४ मध्ये मानवी हक्क न्यायाधिकरणानं त्यांच्या बाजूनं, भेदभाव झाला असा निर्णय दिला. २०१६ मध्ये वरच्या कोर्टानं तो रद्द केला. सुरक्षिततेसाठी परीक्षा असायला हवी, यात मला काही गैर वाटत नाही. पूल पडला की माझी मानसिकता कुणी विचारणार नाही. पण ओंटारियोतल्या इंजिनिअरांच्या संस्थेनं मे २०२३ मध्ये कॅनडातल्या अनुभवाची अट काढून टाकली. एप्रिल २०२३ मधला नागपूरचा इंजिनिअर आणि जून २०२३ मधला तोच इंजिनिअर, त्याच्या डोक्यात काय बदललं? काहीच नाही. नियम बदलला.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं वर्क परमिट चालू असेल, पीआरसाठी इथल्या एक वर्षाच्या कुशल कामाचा हिशेब चालू असेल. मीटिंगमध्ये ‘मला हे येत नाही, शिकवाल का?’ असं म्हणावं, असं पुस्तक सांगतं. ज्याचं परमिट मार्चमध्ये संपतंय तो हे वाक्य बोलताना काय पणाला लावतो, आणि ज्याचे आजोबा इथं रँच करायचे तो काय पणाला लावतो? चूक करायची मुभा सगळ्यांना सारख्या दरानं मिळत नाही. तुम्ही गप्प बसलात, तर ते ‘फिक्स्ड माइंडसेट’ असेलच असं नाही. साधा हिशेब असू शकतो, आणि तो बरोबरही असू शकतो.

मग ऑफिसात करायचं काय? मी जे वाचलं त्यातलं सगळ्यात उपयोगी काम शाळेतलं नाही, आणि त्याची पुरेशी चर्चाही होत नाही. पीटर हेस्लिन, गॅरी लेथम आणि डॉन व्हँडेवॉल यांनी २००५ मध्ये मॅनेजर लोकांवर केलेला अभ्यास. माणसं बदलत नाहीत असं मानणाऱ्या मॅनेजरला हाताखालच्याच्या कामात झालेला बदल दिसतच नाही. सुधारणा तर दिसत नाहीच, घसरणही दिसत नाही. पहिल्या भेटीत जो शिक्का मारला तोच दरवर्षी नवा कागद घेऊन मारायचा. एका कार्यशाळेनंतर हे मॅनेजर बदल टिपायला लागले, आणि सहा आठवड्यांनंतरही परिणाम टिकून होता. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात त्यांना असंही दिसलं की असे शिक्केबाज मॅनेजर हाताखालच्यांना शिकवायलाही कमी धजतात. साहजिकच आहे, दगडाला कोण शिकवणी लावतं?

म्हणून फॉर्मात कोर्सची नावं लिहिणं मी सोडलं. मॅनेजरबरोबरच्या भेटीला आता मी दोन कागद नेते: फेब्रुवारीत केलेला एखादा रिपोर्ट आणि सप्टेंबरमधला त्याच प्रकारचा रिपोर्ट. ‘मी शिकले’ असं म्हणत नाही, दोन्ही टेबलावर ठेवते. न दिसणाऱ्याला दाखवावं लागतं. इथं ‘दाखवणं’ हे क्रियापद मला चालतं. दुसरं, नवं काही शिकायला सांगितलं की लगेच विचारते, त्यासाठी आठवड्यातले कुठले तास आणि त्या तासांचं आधीचं काम कुणाकडे? पहिल्यांदा विचारलं तेव्हा आवाज कापला होता. उत्तर मिळालं, ‘बघू.’ दुसऱ्यांदा विचारल्यावर शुक्रवारचे दोन तास मिळाले. तेव्हा माझ्याकडे पीआर होतं, हेही सांगायला हवं. परमिटवर असते तर विचारलं असतं का, माहीत नाही.

इथवर मी स्वतःला बरी बाजू दिली आहे. आता उरलेलं.

आमच्या कामाचा एक भाग पुण्यातली टीम करते. तुमच्यापैकी अनेकांच्या ऑफिसांत असंच असेल. आपल्याला रात्री साडेनऊ, त्यांना सकाळी दहा, आणि आपण ‘ऑफशोअर’ हा शब्द इथल्या लोकांच्याच सुरात उच्चारायला लागलेलो असतो. दोन वर्षांपूर्वी तिथं एक मुलगा नवीन लागला. पहिल्या महिन्यात त्यानं एका फाइलमध्ये एककांचा घोळ घातला, घनमीटरच्या जागी पिंपं. माझा शनिवार गेला. मी आमच्या इथल्या मॅनेजरला म्हणाले, हा काही टिकायचा नाही. मराठीत असते तर ‘जात्याच’ म्हणाले असते की नाही, मला ठाऊक नाही, पण अर्थ तोच होता. त्यानंतर त्याच्या फाइली मी उघडायच्या आधीच कपाळाला आठी घालून उघडायचे. वर्षाच्या शेवटी त्याच्याबद्दल माझा अभिप्राय मागितला गेला, तेव्हा ‘प्रगती’च्या रकान्यात मी ‘विशेष नाही’ लिहिलं. त्या वेळी मी हेस्लिन यांचा निबंध वाचलेला होता. त्यावर एका एपिसोडची टिपणंसुद्धा काढून ठेवली होती.

या नोव्हेंबरला परत तोच रकाना आला. या वेळी मी त्याच्या मागच्या वर्षातल्या आणि या वर्षातल्या फाइली दोन स्क्रीनवर शेजारी-शेजारी उघडल्या. दीड तास लागला. एककांची चूक त्या पहिल्या महिन्यानंतर एकदाही नाही. मार्चपासून प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला त्यानं एककांचा छोटा तक्ता घातलाय, कुणी न सांगता. तो तक्ता मी वर्षभर रोज वापरत होते. तो कुणी बनवला हे कधी विचारलं नव्हतं.

अभिप्राय नव्यानं लिहिला. मागच्या वर्षीचा मात्र तसाच फाइलमध्ये आहे. तो बदलता येत नाही असं एचआरनं कळवलंय. त्या एका शब्दामुळे त्याची पगारवाढ अडली होती का, हे मी विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.